जावाची बखर गाऊन वाचताना

जावा बेटावरच्या योग्यकर्ता इथल्या सुलतानाच्या राजवाड्यावर इंग्रजांनी 20 जून 1812 रोजी चाल केली. गोऱ्यांच्या जोडीला बंगालच्या पलटणींतले हिंदी शिपाई होते, म्हणून या प्रकाराला तिकडे आजही 'गेगेर सेपेही' म्हणतात, म्हणजे शिपायांची धामधूम. तटबंदी पडली, सेनापती सुमादिनिंग्रात मारला गेला, सुलतान हमेंगकुबुवाना दुसरा कैद होऊन पेनांगला हद्दपार झाला. खजिन्याबरोबर राजवाड्यातली हस्तलिखितंही गेली. ती मुख्यतः तिघांकडे आली: जावाचा लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स, रेसिडेंट क्रॉफर्ड आणि मॅकेन्झी.

यातल्या मॅकेन्झीमुळे मी या वाटेला लागले. मोडी कागदांचं लिप्यंतर करणाऱ्याला कॉलिन मॅकेन्झी हे नाव कुठे ना कुठे भेटतंच. म्हैसूरची पाहणी करणारा, पुढे 1815 मध्ये भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला हा माणूस दक्षिणेतून हस्तलिखितं गोळा करत फिरला. चेन्नईला असलेल्या त्याच्या संग्रहात तमिळ, तेलुगू, कानडीबरोबर मराठी कागदही आहेत. 1811 ते 1813 हा माणूस जावात होता, हे वाचलं आणि वाटलं, आपल्याकडच्या बखरी ज्या हातांनी उचलल्या त्याच हातांनी तिकडच्याही उचलल्या. तिकडची बखर असते तरी कशी?

तिला 'बाबाद' म्हणतात. आपली बखर गद्य, बाबाद पद्य. 'बाबाद तानाह जावी' म्हणजे जावाभूमीची बखर उघडली की वंशावळ आदमपासून सुरू होते, काही पिढ्यांत बतारा गुरूपर्यंत, म्हणजे शंकरापर्यंत येते, त्याच्या मुलांत ब्रह्मा आणि विष्णू सापडतात, मग पांडव, मग राजे. हे वाचून हसणाऱ्यांनी आपल्याकडचे सूर्यवंश-चंद्रवंश आठवावेत. मला मात्र शेवटचं टोक हवं होतं, कंपनीचे साहेब दारात आल्यावर जावाचा माणूस इतिहास कसा लिहितो ते. म्हणून मी 'बाबाद बेडाह इंग ङायोग्याकर्ता' निवडली, योग्यकर्ता पडल्याची बखर. लिहिणारा पांगेरान, म्हणजे राजपुत्र, पानुलार हा पहिल्या हमेंगकुबुवानाचा मुलगा, हल्ल्याच्या वेळी राजवाड्यात हजर असलेला. हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. इतिहासकार पीटर कॅरी यांनी 1992 मध्ये रोमन लिपीत त्याची संहिता छापली, सोबत इंग्रजीत सारांश दिला.

नुसत्या सारांशावर भागलं असतं. पण मोडी वाचणाऱ्याला छापील उताऱ्यावर समाधान नसतं, त्याला कागद बघायचा असतो. म्हणून आधी लिपी.

जावाच्या लिपीत वीस मूळ अक्षरं. क्रम आपला नाही: ह न च र क, द त स व ल असा जातो. पण कुळ ब्राह्मीचंच, त्यामुळे मराठी माणसाला अर्धं घर ओळखीचं वाटतं. अक्षरात 'अ' धरलेला असतो, काना-मात्रा वेगळ्या लागतात. 'ए'ची खूण अक्षराच्या आधी येते, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी. जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी बसतं आणि बसताना कधी कधी रूपच बदलतं. इथे खरी मेहनत आहे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ते मोडीमुळे अंगवळणी पडलेलं होतं. एक फायदा तर अनपेक्षित मिळाला. जावानीजमध्ये त आणि ट, द आणि ड वेगळे आहेत, त्यांना वेगळी अक्षरं आहेत. रोमनमध्ये ते th, dh असं लिहून भागवतात आणि वाचणारा हमखास 'थ', 'ध' म्हणतो. मी टिपणं देवनागरीत ठेवली, तिथे हा घोळच उरला नाही.

रोमन पुस्तकांतही दोन काळ आहेत. डच अमलातल्या छपाईत 'उ' म्हणजे oe, 'च' म्हणजे tj, 'य' म्हणजे j. 1972 च्या इंडोनेशियन सुधारणेनंतरचं स्पेलिंग निराळं. पूर्वादर्मिंता यांचा 1939 चा जावानीज कोश जुन्या पद्धतीत आहे, त्यामुळे शब्द शोधताना डोक्यात सतत एक रूपांतर चालू ठेवावं लागतं. सवय होते.

कालगणनेत थोडं रमले. बाबादात साल बरेचदा शब्दांत लिहितात, त्याला सेंगकालान म्हणतात. भूमी म्हणजे 1, नयन 2, सागर 4, भूत 5, रस 6, ऋषी 7, नाग 8, आणि वाचायचं उलटं. आपल्या पोथ्यांतले 'शके' असेच लिहिलेले असतात, अंकांची गती डावीकडे. 'सिर्ना इलांग कर्तानिंग बुमी' हे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण: नष्ट 0, गडप 0, कृत 4, भूमी 1, म्हणजे शके 1400, मजपहित या जावाच्या जुन्या राज्याच्या पतनाचं पारंपरिक साल, इसवी सन 1478. इथवर 78 मिळवले की झालं. पुढे मात्र जावाच्या सुलतान अगुंगने 1633 मध्ये शक 1555 चा आकडा तसाच ठेवून वर्ष चांद्र केलं, हिजरीसारखं. तेव्हापासून जावाचा शक आपल्या शालिवाहन शकापुढे पळू लागला. 1812 च्या जूनमध्ये आपल्याकडे शके 1734, तिकडे 1739. 78 मिळवायला जाल तर शिपायांची धामधूम 1817 मध्ये होईल, आणि तोवर इंग्रज जावा डचांना परत देऊन निघून गेलेले. आकडा दिसला की आधी तो 1633 च्या अलीकडचा की पलीकडचा हे बघायचं, एवढी शिस्त पुरते.

लिपी आली, साल आलं, कोश आला, तरी बाबाद हलेना. शब्द लावले की वाक्य लागायचं, पण प्रसंग सपाट वाटायचा. त्या दिवसांत योग्यकर्ताच्या एका शिक्षिकांची ऑनलाइन शिकवणी धरली. सगळे त्यांना 'बू' म्हणतात, आईला म्हणावं तसं; त्या मला 'मबाक' म्हणायच्या, म्हणजे ताई. मी एक कडवं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मबाक, हे वाचताय कशाला? गा ना."

बाबाद 'माचापात' वृत्तांत असते. प्रत्येक वृत्ताचे नियम तीन: ओळी किती, प्रत्येक ओळीत अक्षरं किती, आणि ओळ कोणत्या स्वरावर संपते. लघु-गुरूचा हिशेब नाही. सिनोम वृत्ताच्या पहिल्या चार ओळी आठ-आठ अक्षरांच्या, शेवट अ, इ, अ, इ. बूंनी सरावाला रांगगावार्सिता दिला. सुराकर्ताच्या दरबारचा हा कवी, 1802 ते 1873, डच अमलात दरबाराचा पोकळ होत गेलेला थाट जवळून पाहिलेला. त्याची 'कालाटिडा' सगळी सिनोममध्ये आहे आणि सुरू होते अशी: 'मांगक्या दराजातिंग प्रजा, कावुर्यान वुस सुन्यातुरी.' राज्याची प्रतिष्ठा आता उघड उघड ओस पडली आहे. बोटांवर मोजा, आठ आणि आठ, शेवट 'अ' आणि 'इ'. एकच खबरदारी घ्यायची: शेवटचा 'अ' बोलताना 'ऑ'कडे झुकतो, पण नियमात तो 'अ'च. दिपानगारा हा राजपुत्र सगळीकडे दिपोनेगोरो लिहिला जातो तो यामुळेच.

वृत्त कळल्यावर हस्तलिखितातली बरीच कुलपं आपोआप उघडली. पान सलग लिहिलेलं असतं. ओळ संपली की छोटी खूण, कडवं संपलं की मोठी, सर्ग बदलला की नक्षी. खूण पुसट असली तर अक्षरं मोजून ओळ कुठे तुटते ते काढता येतं. लेखनिकाकडून अक्षर गळलं असेल तर वृत्त ओरडून सांगतं. मोडीत अशी सोय नाही, तिथे संदर्भावर भिस्त. शिवाय सर्गाच्या शेवटच्या कडव्यात पुढच्या वृत्ताचा इशारा दडवलेला असतो: 'मानिस' म्हणजे गोड हा शब्द आला की पुढे डंडंगगुला, 'वीजील' आला की मिजिल, 'मुंगकुर' आला की पांगकुर. पहिला इशारा मला स्वतःहून सापडला तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवली. बू हसल्या आणि म्हणाल्या, आता तुम्ही पुढे जा.

पण मोजणी ही वृत्ताची वरवरची उपयुक्तता. वृत्ताला भाव असतो. दुर्मा लढाईचं, अस्मरदाना प्रेमाचं, मास्कुमांबांग दुःखाचं, कीनांटी समजावणीचं, डंडंगगुला बहुधा कुठेही चालणारं. गाणाऱ्या मंडळींत हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे कवी एखाद्या प्रसंगाला वृत्त बदलतो तेव्हा त्या प्रसंगाकडे कसं बघायचं ते तो सांगत असतो. साहेबाच्या राज्यात उघड मत लिहिणं धोक्याचं असताना ही केवढी मोठी सोय आहे! मी मग पानुलारची बखर वहीत दोन रकान्यांत मांडायला लागले, डावीकडे काय घडलं, उजवीकडे कोणत्या वृत्तात घडलं. उजवा रकाना वाचल्याशिवाय डाव्याचा अर्थ पुरा होत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

आणि नेमका उजवा रकाना वसाहतकाळात गळला. मेन्स्मा यांनी 1874 मध्ये 'बाबाद तानाह जावी' छापली ती गद्यात. डचांची भाषाशिक्षणाची गरज सरळ वाक्यांची होती, त्यांना गद्य सोयीचं. पुस्तक इतकं चाललं की बाहेरच्या जगाला जावाची बखर म्हटलं की तेच माहीत. पद्यातली विस्तृत संहिता बलाई पुस्ताका या सरकारी प्रकाशनाने छापायला घेतली तोवर 1939 उजाडलं होतं. मधल्या काळात पंडितांनी वाद घातला तो बाबाद विश्वासार्ह की नाही यावर. 1913 मध्ये हुसेन जयादिनिंग्रात यांनी लायडनला पश्चिम जावातल्या बांतेनच्या बखरीची कसून चिकित्सा केली, स्वतः बांतेनच्या घराण्यातले असून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींना झोडपलं होतं ते आठवलं. दोन्हीकडे झडती आवश्यकच होती. पण पुराव्याची झडती घेताना वृत्त बाजूला ठेवणं म्हणजे साक्षीदाराचे शब्द उतरवून घेऊन त्याचा आवाज सोडून देणं.

सराव पुढे योग्यकर्तात पुरा झाला. तिथे पेंडापात, म्हणजे उघड्या मंडपात, माचापात गाणाऱ्यांच्या बैठका भरतात. पाळीपाळीने एकेक जण कडवं गातो, बाकीचे ऐकतात, मधे गोड चहा फिरतो. माझी पाळी आली तेव्हा मी कीनांटी गायले, सहा ओळींचं, प्रत्येक ओळ आठ अक्षरांची, नवख्यांचं हक्काचं. डंडंगगुलाच्या दहा ओळींच्या वाटेला सुरुवातीला कुणी जाऊ नये. शेजारच्या आजोबांनी माझा 'ड' ऐकून विचारलं, तुम्ही कुठल्या? भारतातली म्हटल्यावर म्हणाले, "हं, सेपेही." मंडप हसला, मीही.

तिथून परत आल्यावर 1808 ते 1812 या काळाच्या बखरी पुन्हा वाचल्या. यातला बखरकारांचा आवडता विषय खुर्ची. डच अमलातला गव्हर्नर जनरल डेंडल्स याने 1808 मध्ये फर्मान काढून रेसिडेंटाला सुलतानाच्या बरोबरीने बसायचा, दरबारात टोपी न काढायचा हक्क दिला. इंग्रज आल्यावर तोच तंटा पुढे चालू, आणि 1811 च्या डिसेंबरात रॅफल्सच्या भेटीत आसनावरून हातघाईवर येण्याची वेळ आली. आसनाची उंची, कोण आधी उठलं, कोण कोणत्या बाजूला होतं, हे तपशील युरोपियन वाचकाला पाल्हाळ वाटतात. पेशवे दरबारच्या रेसिडेंटांचे कागद चाळलेल्या माणसाला ते वाटणार नाहीत. सार्वभौमत्व गेलं ते कुठल्या दिवशी कोणत्या खुर्चीवरून, हे त्यात नोंदलेलं असतं.

हल्ल्यापूर्वीची हस्तलिखितं योग्यकर्ताच्या राजवाड्यात आज फार थोडी उरली आहेत. ब्रिटिश लायब्ररीने योग्यकर्ताची 75 हस्तलिखितं स्कॅन केली आणि त्या प्रती जावाला दिल्या. मूळ पोथ्या लंडनलाच आहेत. याबद्दल बूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, प्रती आल्या ते बरं झालं, वाचणारे तयार करणं आमच्या हातात आहे. मला हे उत्तर जरा जास्तच समंजस वाटलं. लूट ही लूट, स्कॅन दिल्याने ती फिटत नाही.

सध्या जावा युद्धाच्या बखरी चालू आहेत. दिपोनेगोरो 1825 ते 1830 डचांशी लढला, मागेलांगला वाटाघाटीच्या बोलावण्यावर गेला असता 28 मार्च 1830 रोजी पकडला गेला, आणि मानादोच्या हद्दपारीत 1831-32 मध्ये त्याने स्वतःची बाबाद रचली. कैदेत बसून स्वतःबद्दल तृतीयपुरुषी पद्य! 2013 मध्ये युनेस्कोने तिची नोंद जागतिक स्मृतीत घेतली. दुसरी 'बाबाद केडुंग केबो', डचांच्या बाजूने लढलेला पुरवोरेजोचा पहिला बुपाती, म्हणजे जिल्ह्याचा देशी कारभारी, चाक्रानगारा याच्या पुढाकाराने 1840 च्या दशकात झालेली, आणि तिच्या रचनेत दिपोनेगोरोचाच एक जुना सरदार सामील. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचते आहे. वहीत आता रकाने चार झाले आहेत: त्याची घटना, त्याचं वृत्त, त्यांची घटना, त्यांचं वृत्त. मोडी येणाऱ्या कुणाला यात यायचं असेल तर लिपीत फार अडकू नका. आधी कीनांटी गळ्यात बसवा, मग पोथी उघडा.