कोटेशनवर प्रोसेसरचा नंबर घालून घेताना

लग्नाच्या शूटिंगसाठी लॅपटॉप हवा होता, म्हणून मुद्रा कर्जाचा अर्ज केला. आधार, पॅन, उद्यम नोंदणी, सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते दुकानाच्या कोटेशनवर.

बेळगावातल्या त्या दुकानानं लिहून दिलं, 'लॅपटॉप, एआय प्रोसेसर'. खाली रक्कम आणि शिक्का. मी म्हटलं, "प्रोसेसरचा पूर्ण नंबर घाला की." काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "लेटेस्टच आहे की ओ सर, कोर सेव्हन. बँकेला रक्कम लागते, नंबर कशाला?"

गोम इथंच आहे. 2023 साली प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनं नव्या प्रोसेसरच्या नावातला, म्हणजे 'कोर आय7' मधला, 'आय' काढला. आता नुसता 'कोर 7' वेगळा आणि 'कोर अल्ट्रा 7' वेगळा. कोर 7 150यू म्हणजे जुनीच रचना, आणि एआयची कामं करणारा एनपीयू हा भाग त्यात नाहीच. अल्ट्रा 7 155एच मध्ये एनपीयू आहे, पण साधारण 11 टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला 11 लाख कोटी गणितं. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' साठी, म्हणजे विंडोजमधल्या खास एआय सोयींसाठी, किमान 40 टॉप्स लागतात. मला हवा होता अल्ट्रा 7 258व्ही, त्याचा एनपीयू 47 टॉप्सचा. या तिन्हींना 'एआय लॅपटॉप' म्हणून खपवलं, तर विचारणार कोण?

मग सुरू झालं, "मालक हुबळीला गेलेत", "बिलाचा फॉरमॅट बदलत नाही", "उद्या या". तिकडे बँकेत फाईल तशीच पडून, इकडे लग्नाच्या तारखा तोंडावर. डोकं फिरलं होतं. शेवटी शोकेसमधल्या खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो काढला. बारकोडखाली बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं. मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "हे असंच लिहा, नाहीतर मी समोरच्या दुकानात चाललो." न बदलणारा फॉरमॅट तिथल्या तिथं बदलला!

कोटेशनवर दुकानाचा जीएसटी नंबरही बघून घ्या, बँक विचारते. कर्जाची रक्कम थेट दुकानाच्या खात्यात जाते, त्यामुळे डिलिव्हरीवर सही करण्याआधी मशीन चालू करा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या 'परफॉर्मन्स' पानावर सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं नाव दिसतं, एनपीयूही दिसतो.

खरं सांगायचं तर व्हिडिओ एडिटिंगचा भार अजून ग्राफिक्स चिपवरच पडतो. एनपीयूचा उपयोग व्हिडिओ कॉलमध्ये मागचं दृश्य धूसर करणं असल्या कामांना, तेही बॅटरी फारशी न खाता. मी हा घेतला तो बॅटरीसाठी. परवा खानापुरात हॉलचा करंट गेला, तरी जेवणावळी उठेपर्यंत लग्नाची हायलाइट, म्हणजे छोटी फिल्म, कापून तयार होती.

आणि हो, 258व्ही मध्ये 32 जीबी रॅम प्रोसेसरलाच जोडून येते. 256व्ही मध्ये 16 जीबी, आणि ती नंतर वाढवता येत नाही. व्हिडिओचं काम असेल तर स्वस्त पडतो म्हणून तो घेऊ नका.