समुद्रशैवालाची चाचणी: अकरा आठवडे ओळखीच्या दाखल्यात

कोकणातल्या कुणकेश्वरच्या खडकांवरच्या सरगॅसम या तपकिरी शैवालाचा अर्क जिवाणूंना रोखतो का, हे कोल्हापुरात तपासायचं होतं. ताटलीतली चाचणी एका रात्रीत होते. अकरा आठवडे गेले ते शैवालाच्या ओळखीच्या, म्हणजे ही नेमकी कोणती जात हे सांगणाऱ्या, दाखल्यात.

दाखला लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. शैवाल बदललं की आतली रसायनंही बदलतात: तपकिरी शैवालात फ्लोरोटॅनिन नावाची संयुगं असतात, लाल शैवालांपैकी बऱ्याच जातींत ब्रोमीनयुक्त संयुगं. नावच पक्कं नसेल तर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग पुन्हा करून बघता येत नाही. राग आहे तो शेऱ्याचा. अर्ज दोनदा परत आला, दोन्ही वेळा एकच शब्द: 'अपूर्ण'. काय अपूर्ण, ते फोनवर कोणी सांगेना. तिसऱ्या खेपेला मी दाखला देणाऱ्यांच्या समोर जाऊन बसलो, तेव्हा तिथल्या मॅडमनी शीट (कागदावर वाळवून बसवलेला शैवालाचा नमुना) उचलून विचारलं, "याचं बूड कुठंय?"

सरगॅसम हाताने ओढलं की वरच्या फांद्या तुटून येतात आणि खडकाला धरणारं बूड तिथंच राहतं. जात ठरते ती बूड, पानं, हवेचे फुगे आणि प्रजननाच्या शेंड्या एकत्र पाहून. हे चारही एकाच रोपावर हवेत. एवढं अर्जावर छापलं असतं तर पुन्हा फोंडा घाट उतरावा लागला नसता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीलाच जा. दाखल्यासाठी दोन-तीन रोपं बुडाखाली सुरी घालून अख्खी सोडवा. अर्कासाठीची मात्र बुडाच्या वर कापा, म्हणजे पुन्हा फुटतात.

शीट करताना ट्रेमधल्या पाण्यात रोप तरंगतं ठेवून खालून जाड कागद उचलायचा. वर मलमल, मग टिपकागद, मग वजन. टिपकागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. सोबत एक रोप बरणीत ठेवा: १ भाग बाजारातलं फॉर्मॅलिन, ९ भाग समुद्राचं पाणी. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई विरघळते.

दाखला हातात पडला त्या दिवशी फार हलकं वाटलं. पुढचं सरळ आहे. गोड्या पाण्याने मीठ धुवा, सावलीत वाळवा, १० ग्रॅम भुकटी १०० मिली मिथेनॉलमध्ये ४८ तास ठेवा आणि ४० अंशांवर मिथेनॉल उडवा. ताटलीत म्युलर-हिंटन आगर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) ४ मिमी जाड, त्यावर अर्क लावलेली कागदी चकती ६ मिमीची, ३७ अंशांवर १८ तास. अर्काने जिवाणू रोखले तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. नुसत्या मिथेनॉलची एक चकती शेजारी हवीच. तिच्याभोवतीही वर्तुळ दिसलं तर चकत्या नीट वाळलेल्या नाहीत. ई. कोलाय या जिवाणूवर परिणाम कमी दिसला तर घाबरू नका, त्याचं बाहेरचं आवरण बरीच संयुगं अडवतं. असं आवरण नसलेल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूवर सहसा जास्त दिसतो. फ्लोरोटॅनिन आगरमध्ये हळू पसरतात, म्हणून वर्तुळ लहान असेल तर द्रव माध्यमातही तपासा.

पावसाळ्यात वाळवायला घेऊ नका, कोल्हापूरच्या दमट हवेत भुकटीला गोळे धरतात. आणि बरणीतलं रोप अर्कासाठी कधीच वापरू नका. फॉर्मॅलिन स्वतःच जिवाणू मारतं.