चार जुलैची फळांची कुकी

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मित्रमंडळींच्या जेवणाला गोड पदार्थ नेण्याचे काम माझ्याकडे असते आणि मी दरवर्षी इथे 'फ्रूट पिझ्झा' म्हणून ओळखली जाणारी, फळांनी सजवलेली मोठी कुकी करते. माझी कुकी मात्र आयताकृती असते, कारण तिच्यावर झेंडा काढायचा असतो.

लोणी आणि साखर फेसून त्यात अंडे, व्हॅनिला आणि मैदा घालून केलेला गोळा मी ट्रेमध्ये सारखा थापते आणि ३५० अंश फॅरनहाइटला, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत, भाजते. मध्यभाग मऊ वाटला तरी कुकी तेव्हाच बाहेर काढावी. गार होताना ती आपोआप घट्ट होते. पहिल्या वर्षी मी घाईने कोमट कुकीवरच क्रीम चीज आणि पिठीसाखरेचा थर दिला आणि तो ताकासारखा ओघळला.

वरच्या डाव्या कोपऱ्यात ब्लूबेरी आणि उरलेल्या भागात स्ट्रॉबेरीच्या कापांचे पट्टे मांडते. खऱ्या झेंड्यावर १३ पट्टे असतात, माझ्या ट्रेमध्ये सातच मावतात. अजून कोणी मोजलेले नाहीत. स्ट्रॉबेरी धुऊन पंच्यावर पूर्ण कोरड्या कराव्यात, नाहीतर लाल पाणी पांढऱ्या थरात उतरते. सासूबाईंच्या मते आंब्याशिवाय हे सगळे व्यर्थ आहे, म्हणून थोडे पीठ बाजूला ठेवून त्यांच्यासाठी चार लहान कुकी वेगळ्या करते आणि त्यांवर आंब्याच्या फोडी ठेवते.