आईच्या नखावरचा थेंब

रविवार, रात्र

आज दुपारी आईची नखं काढून दिली. दुपारीच, कारण तिन्हीसांजेला नेलकटर हातात घेतलं तर ती अजूनही हात आखडून घेते. तिच्या तर्जनीचं नख बराच वेळ धरून बसले. मुळाकडचा अर्ध्याहून जास्त भाग सपाट, गुलाबीसर. पुढचा अजून खोलगट.

तीन महिन्यांपूर्वी ती ओट्याशी भांडी विसळत होती. हात झटकला तरी मधल्या बोटाच्या नखावर पाण्याचा एक थेंब तसाच बसून राहिला, वाटीत राहावा तसा. एरवी नख मधून किंचित फुगीर असतं, थेंब ओघळून जातो. आईची नखं मधून दबलेली, कडांना उचललेली, कागदासारखी पातळ झाली होती. "अगं, साबणाच्या पाण्यानं झिजली," ती म्हणाली. तिचं अगदीच चूक नव्हतं. सतत पाण्यात हात असणाऱ्यांची नखंही कधीकधी अशी होतात. पण अंगात लोह कमी पडलं तरी नखं अशीच खोलगट होतात, म्हणून मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. जिना चढताना ती मध्येच थांबायची, ते मी वयावर ढकलून दिलं होतं. याचं मला फार वाईट वाटतं.

हिमोग्लोबिन 7.6 आलं. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. मला वाटलं, लोहाच्या गोळ्या, खजूर, पालेभाज्या, झालं. डॉक्टरांनी तिची दोन बोटं नखाला नख लावून धरायला सांगितली आणि मधल्या फटीतून उजेड दिसतो का ते पाहिलं. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या काही आजारांत नखं फुगतात आणि ती फट बुजते. आईच्या नखांमध्ये ती फट दिसत होती. मग म्हणाले, "काकूंची पाळी जाऊन दहा वर्षं झाली. लोह जातंय कुठे, ते आधी शोधू." शौचाच्या तपासणीत रक्ताचा अंश सापडला, दुर्बिणीतून जठरात जखम दिसली. गुडघे दुखतात म्हणून आई दोन वर्षं मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी आणून घेत होती, बरेचदा उपाशीपोटी. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. दुखणं गुडघ्याचं, आणि ते कळलं नखावर.

त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांचे हात पाहत सुटले. लेकाच्या नखांवर पांढरे ठिपके. लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला की आम्ही नखं घासत "बगळ्या बगळ्या फुलं दे" म्हणायचो, तीच फुलं. लोक त्यांना कॅल्शियमची कमतरता म्हणतात, पण ते बहुतेकदा नखाच्या मुळाला लागलेल्या बारीक माराचे असतात. माझ्या अंगठ्यावर मात्र एक आडवी खाच होती. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. खाच मुळापासून 6 मिलिमीटरवर, म्हणजे दोनेक महिने मागे. तेव्हा मी डेंग्यूनं आडवी होते. तापात नखाची वाढ अडली, त्याची ही खूण. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1846 मध्येच अशा खाचांबद्दल लिहून ठेवलंय.

आईची जखम आता भरली आहे. लोहाची गोळी चालू आहे. जेवणावर लगेच चहा नको, चहानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, यावरून रोज वाद होतो. पण ती तासभर थांबते.

नखं काढून झाल्यावर तिचं बोट नळाखाली धरलं. थेंब मुळाकडून सरकला आणि पुढच्या खळग्यात जाऊन थांबला. अजून दोन-तीनदा नखं काढावी लागतील.