तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी एवढं नितळ, मग काळजी कसली?

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात भारतातल्या पाहुण्यांना फिरवताना हा प्रश्न हमखास येतो. पाण्याखाली हिरवीगार झाडी डोलत असते, तिच्या फांद्या खोलवर स्पष्ट दिसतात. "ताई, नदी किती स्वच्छ आहे!"

मला काळजी त्या नितळपणाचीच वाटते. ही झाडी म्हणजे एगेरिया डेन्सा. मूळची दक्षिण अमेरिकेची, मत्स्यालयांच्या व्यापारातून पसरलेली. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवायचो, त्या हायड्रिलाच्याच कुळातली.

इथे दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. मोकळ्या पात्रात ही ये-जा गाळाला स्वस्थ बसू देत नाही. बसलेला पुन्हा उचलते, पुढे नेते. एगेरिया माजली की तिच्या दाटीत प्रवाहाचा जोर मरतो. पाणी मग झाडीच्या माथ्यावरून आणि पात्राच्या मधून वाट काढतं. तिथे ओढ वाढते, काठाशी मात्र पाणी जेमतेम हलतं आणि गाळ खाली बसतो. पाणी निवळलं की ऊन खोल पोचतं, झाडी आणखी फोफावते, आणखी गाळ धरते. दाताळ्याने एक झुबका ओढून बादलीत खळबळला, तर पानांवरचा मऊ तपकिरी साका सुटतो आणि पाणी क्षणात चहासारखं होतं.

सगळा दोष तिचा नाही. सॅक्रामेंटो नदीतून वाहत येणारा गाळ १९५७ ते २००१ या काळात जवळपास निम्म्यावर आला. काही धरणांनी अडवला, आणि एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींनी नदीत लोटलेला राडाही ओसरत गेला. पण मुळात तुटपुंजा उरलेला गाळ ही झाडी अडवते, हे मला जास्त लागतं. समुद्र चढतोय, आणि काठच्या दलदलींना त्याच्याबरोबर उंच व्हायचं तर गाळ हवाच. डेल्टा स्मेल्ट हा बोटाएवढा मासा गढूळ पाण्याच्या आडोशाने जगतो. नितळ पाण्यात तो उघडा पडतो, आणि झाडीत बास मासे टपलेले असतात.

२०१५च्या दुष्काळात खारं पाणी आत शिरू नये म्हणून फॉल्स रिव्हर या इथल्याच एका फाट्यावर तात्पुरता बांध घातला होता. शेजारच्या फ्रँक्स ट्रॅक्ट या पाण्याखाली गेलेल्या जुन्या शेतजमिनीच्या काही भागांत भरतीची ओढ कमी झाली आणि तिथे या झाडीने बस्तान बसवलं. बांध त्याच वर्षी काढला, झाडी राहिली.

मग कापून का टाकत नाहीत? कारण अमेरिकेत हिची फक्त नर रोपंच आहेत. बी धरत नाही, तुटलेल्या तुकड्यातूनच ती वाढते. कापलेली फांदी भरतीबरोबर वर जाते, ओहोटीबरोबर खाली येते, आणि जिथे अडकेल तिथे मूळ धरते. म्हणून यंत्राने कापण्यापेक्षा इथे तणनाशकावर भर आहे, आणि तेही वाहत्या पाण्यात टिकवून ठेवणं अवघड जातं.