म्यूलर पेशी परत जाते

गुरुवार, रात्री साडेदहा

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर माझी पाळी आठची होती, सुरू व्हायला साडेआठ झाले. अंधाऱ्या खोलीत मी एकटीच. स्लाइड लावली आणि जखमेची जागा शोधत सरकत गेले. बराच वेळ नुसता काळोख. मग एकदम दिसल्या. सात-आठ हिरव्या पेशी, एकमेकींना लागून, ज्वारीच्या ताटांसारख्या उभ्या. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, या काठापासून त्या काठापर्यंत. आणि त्यांच्या अंगातच लाल ठिपके.

दोन वर्षं हे चित्र इतरांच्या शोधनिबंधांत बघत आले. आज ते माझ्या हातच्या स्लाइडवर होतं. काही मिनिटं फोटो घ्यायचंच सुचलं नाही.

हे डोळे मागच्या खेपेच्या झेब्रा माशांचे. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. पाण्यात औषध घालून त्याला भूल द्यायची, ओल्या स्पंजवर आडवा ठेवायचा, डोळा खोबणीतून किंचित पुढे घ्यायचा आणि मागच्या बाजूने अगदी बारीक सुई टोचायची. पाण्यात परत सोडला की थोड्या वेळात कल्ले हलायला लागतात. ते हलेपर्यंत माझाही श्वास अडकलेला असतो. चौथ्या दिवशी जास्त भूल देऊन त्याला संपवायचं आणि डोळा काढून घ्यायचा. याची सवय झालेली नाही, आणि होऊ नये असंच वाटतं. म्हणूनच एकही छेद वाया जाऊ देत नाही.

लाल ठिपका म्हणजे ज्या पेशीने नुकतीच आपल्या डीएनएची नक्कल केली, म्हणजे जी विभागायच्या वाटेवर आहे, तिचं केंद्रक. हिरवा रंग दुरुस्तीला निघालेल्या पेशींचा. दोन्ही एकाच जागी आले, याचा अर्थ डोळा स्वतःला सांधतोय.

या पेशींचं नाव म्यूलर ग्लिया. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश म्यूलर यांनी 1851 साली त्यांचं वर्णन केलं. दृष्टिपटलात शलाका आणि शंकू पेशी प्रकाश टिपतात, पुढच्या पेशी तो निरोप दृष्टिचेतेपर्यंत पोचवतात. म्यूलर पेशी यातलं काहीच करत नाही. ती सगळ्यांना आधार देते, नको ते मीठ-क्षार उचलून नेते, पोषण बघते. घरात एक माणूस असतं ना, सगळ्यांचं करून सगळ्यांत शेवटी जेवणारं, तसं. माशाच्या डोळ्याला इजा झाली की नेमकी हीच पेशी कामाला लागते. तिचं केंद्रक मधल्या थरातून वर सरकतं, तिथे ती विभागते, आणि तिच्यापासून झालेली नवी पेशी भराभर वाढून हव्या त्या चेतापेशी घडवते. साधारण 28 दिवसांत दृष्टिपटल पुन्हा उभं राहतं.

हीच म्यूलर पेशी आपल्याही डोळ्यात आहे. याच जागी, अशीच उभी. पण आपल्या डोळ्याला इजा झाली की ती फुगते, ताठरते आणि व्रण करून ठेवते.

असं का होतं, याचा एक मोठा धागा 2010 मध्ये हाती लागला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डॅनियल गोल्डमन यांच्या प्रयोगशाळेत. जखम झाल्यावर माशात एएससीएल1ए नावाचं जनुक जागं होतं, ते लिन28 ला जागं करतं आणि लिन28 लेट-7 नावाच्या चिमुकल्या आरएनएला खाली बसवतं. लेट-7 म्हणजे पेशीला ‘तू आता मोठी झालीस, जागची हलू नकोस’ असं बजावणारा रेणू. तो गप्प बसला की पेशी पुन्हा लहान होऊ शकते. त्या कामात राजेश रामचंद्रन होते. पुढे ते मोहालीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आले आणि याच विषयावर भारतात काम उभं केलं. याचा मला मनापासून आनंद आहे. हा मासा मुळात आपल्याकडचाच. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांबरोबर त्याची नोंद केली. 1970 च्या दशकात ऑरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेतला मासा केलं, आणि जग फिरून तो आमच्या टाक्यांत आला.

लोक विचारतात, मासा नवे डोळे कसे ‘उगवतो’? मला मात्र दिवसेंदिवस दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. म्यूलर पेशी एकदा विभागते, आणि तिचं केंद्रक खाली आपल्या जागी परत जातं. ती पुन्हा आधाराचं काम करायला लागते. पेशीने एकदा वाढायला सुरुवात केली की थांबणं किती अवघड असतं, हे कर्करोगाच्या वॉर्डात जाऊन आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ही मात्र थांबते.

उंदराचं बघितलं की हे आणखी जाणवतं. 2017 मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टॉम रे यांच्या गटाने प्रौढ उंदराच्या म्यूलर पेशींत तेच एएससीएल1 जनुक चालू केलं, जोडीला जनुकांची घट्ट गुंडाळी सैल करणारं औषध दिलं. तयार झालेल्या चेतापेशी जुन्या पेशींशी जोडल्या गेल्या, प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागल्या. फार मोठी गोष्ट आहे ही. पण तिथे बहुतेक वेळा म्यूलर पेशी विभागत नाही, स्वतःच बदलून चेतापेशी होते. म्हणजे आधार देणारी एक कमी झाली. माशात आई राहते आणि लेकरंही होतात. मला माझ्या उरलेल्या वर्षांत यावरच काम करायचं आहे: परत जाण्यावर.

जेवून आल्यावर मामांना फोन केला. मामांना आर. पी. आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा, दृष्टिपटलातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार. तिशीत रात्रीचं दिसेना, मग कडेचं जायला लागलं, आता नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. विट्यात त्यांचं शिलाईचं दुकान. सुईत दोरा अजून स्वतः ओवतात, पहिल्या झटक्यात. पण हाताशेजारी ठेवलेली कात्री सापडत नाही. मागच्या दिवाळीत मी समोर बसून बघत होते. कात्री वीतभर अंतरावर, आणि मामा टेबलावर हात फिरवत चाचपत होते.

“जमलं का गं तुझं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जमलं.

“मग आमचं कधी?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. ‘अंधत्वावर माशाचा उपाय’ असे मथळे मला सहन होत नाहीत, कारण ते मामांसारखी माणसं जपून ठेवतात. म्हणून खरं तेच सांगितलं. मी सुईने एकदम जखम करते, तुमच्या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू गेल्या. माशातसुद्धा नुसत्या शलाका पेशी कमी होत गेल्या तर म्यूलर पेशी म्हणावी तशी उठत नाही. आणि उद्या तुमच्या डोळ्यात नव्या पेशी झाल्याच, तरी त्यांच्यात दोष असलेलं जनुक तेच असणार. ते आधी दुरुस्त करावं लागेल.

मामा थोडं थांबले. “म्हणजे कापडच विरलंय. नुसतं शिवून भागायचं नाही.”

“हो मामा.”

“बरं. फोटो तरी धाड की तुझ्या पेशीचा.”

मी म्हटलं, मोठा करून पाठवते, नीट दिसेल. तर म्हणाले, “मोठा नको. मोठा केलास की कडेचं माझ्या नजरेबाहेर जातं. बारीक कर, एका नजरेत मावेल असा.”

चार वर्षं दृष्टिपटलावर काम करतेय, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आत्ता बसून फोटो कापला. सात-आठांतली एकच पेशी ठेवली, लाल केंद्रकासकट, आणि आजूबाजूला सगळा काळा रंग. मग लहान करत गेले. फोन हातभर लांब धरून एक डोळा मिटला, मुठीची नळी करून बघितलं, पुन्हा थोडा लहान केला. अकरा वीसला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आहेत.