माझ्या दातांचा रंग: सी-4

सोमवार, रात्र

दुसरीच्या वर्गात सध्या दात पडण्याचा हंगाम आहे. रोज कुणी ना कुणी कागदाच्या पुडीत दात बांधून आणतं. आज एकीने आपला दात दाखवून झाल्यावर माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमचे दात शिसपेन्सिलीच्या रंगाचे का?"

मी हसले. तोंडावर हात ठेवूनच. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी ओठ मिटून बसलेय. सासरच्यांना वाटलं होतं, मुलगी फार गंभीर आहे.

शनिवारची दादरला वेळ घेतली. व्हेनिअर्स, म्हणजे दातांवर चिकटवायची पातळ कवचं, करायचे की नाही, याचा एकदा सोक्षमोक्ष लावू.

शनिवार

डॉक्टर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आरसा तोंडात घालून पहिलाच प्रश्न, "लहानपणी सारख्या आजारी असायचात का, मॅडम?"

टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, हे औषध पोटात गेलं की ते कॅल्शियमला चिकटून दाताच्या गाभ्यात जाऊन बसतं. दात येतात तेव्हा पिवळसर असतात, मग उजेड लागून लागून राखाडी होत जातात. म्हणून माझ्या दाढा अजून पिवळ्या आणि समोरचे दात शिसपेन्सिल. म्हणजे जे झाकायचं तेच जास्त काळं पडलं. घासून जाणारा हा डागच नव्हे. इतकी वर्षं मी उगाच मिठाने, कोळशाने, कसल्या कसल्या पावडरींनी हिरड्या सोलत बसले.

संध्याकाळी आईला फोन केला. वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "ते पिवळं सिरप? अगं, गोड होतं ते. तू चमचा चाटून परत मागायचीस."

आता व्हेनिअर्सचं. पोर्सेलिनचं नखाएवढं पातळ कवच, दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचं. ते बसावं म्हणून आधी इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, साधारण अर्धा मिलिमीटर खरवडायचं. माझा रंग गडद, आतून डोकावणार, म्हणून माझ्या बाबतीत थोडं जास्तच. इनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपलेल्या असतात. एकदा केलं की त्या दातांना कायम कसलं ना कसलं कवच लागणार. आणि माझे दात, रंग सोडला तर, ठणठणीत आहेत. एकही कीड नाही. हे ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी पंचाईतच झाली.

1928 साली हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटनट्यांसाठी अशी कवचं बनवली, पण ती तात्पुरती. पावडरीने चिकटवायची, चित्रीकरण संपलं की काढायची. मला खरं तर तेच हवंय! गॅदरिंगला लावायचे, घरी येऊन डबीत. पुढे 1955 मध्ये बुओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर ॲसिड लावून ते खरखरीत केलं तर चिकटवलेलं घट्ट धरतं, आणि तिथून ही पक्की मंडळी आली.

सांगितलेला खर्च: एका दाताचे 14 हजार, दात 8. एक लाख बारा हजार. टिकतात दहा ते पंधरा वर्षं. मी 46. म्हणजे निवृत्तीच्या आसपास पुन्हा, आणि पंचाहत्तरीच्या तोंडावर आणखी एकदा. तेव्हा माझे दात कोण बघणार आहे, हा भाग वेगळा.

शेवटी विचारलं, "रात्री दात खाता का?" मी नाही म्हणाले. शेजारी बसलेले हे म्हणाले, "खाते, करवत चालल्यासारखी." खालच्या दातांच्या कडा सपाट झाल्यात, ते डॉक्टरांनी आधीच पाहिलं होतं. दात खाणाऱ्याचं पोर्सेलिन तडकू शकतं. रोज रात्री दातांवर गार्ड, म्हणजे संरक्षक खोळ, घालावा लागेल.

पुढचा शनिवार

आज मॉक-अप केला. दात न खरवडता, वरून तात्पुरतं मटेरियल लावून दाखवतात. दोन तास फिरून या, म्हणाल्या.

रानडे रोडवर प्रत्येक दुकानाच्या काचेत दात बघत चालले. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होते. पण जीभ अडखळत होती. मराठीतला दंत्य च असा की जीभ थेट दातांच्या मुळाशी जाते. दादर स्टेशनच्या पुलावर उभी राहून मी पुटपुटत होते, "चूल, चोर, चाक." एक बाई जरा बाजूला सरकल्या. खरे व्हेनिअर्स यापेक्षा पातळ असतात आणि जिभेला काही दिवसांत सवय होते, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण दिवसभर मुलांना बाराखडी म्हणून दाखवणारीला ही बाब लहान नाही.

मग यांनी वडापाववाल्याची काहीतरी नक्कल केली आणि मी खो खो हसले. हात तोंडावर गेला. पांढरेशुभ्र दात, आणि त्यांच्यावर हात.

परत जाऊन डॉक्टरांना विचारलं, न खरवडता काय होईल? घरी करायचं ब्लीचिंग. दातांच्या मापाचा ट्रे, त्यात जेल, रोज रात्री. साध्या पिवळेपणाला दोन-तीन आठवडे पुरतात, टेट्रासायक्लिनला कित्येक महिने. रंग उजळतो, मोत्यासारखा होत नाही. हिरडीजवळचा पट्टा सगळ्यात हट्टी. दात शिवशिवतील. नंतर व्हेनिअर्स करायचेच ठरले तर ब्लीचिंग थांबवून दोनेक आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर नीट चिकटत नाहीत. पण आतला रंग फिका झालेला असला तर खरवडावंही कमी लागतं.

सहा महिने धरून चालू. हात खाली यायलाही तेवढे लागतीलच.

मापं दिली. शेड गाइड, म्हणजे दातांच्या छटांचे नमुने, दातांशी धरून डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, ते इथे उतरवून ठेवते.

वरचे समोरचे दोन: सी-4, राखाडी छटांतली सगळ्यात गडद. ट्रे गुरुवारी मिळेल.